डच सैनिक रंगवायचा असेल, तर आधी साल ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वॉटर्लूच्या लढाईतलं डच पायदळ रंगवायचं आहे, हाताशी 28 मिलिमीटरच्या मूर्ती आहेत. संदर्भासाठी जमवलेल्या चित्रांत एक शिपाई पांढऱ्या कोटात आहे, दुसरा नारिंगी कॉलरच्या गडद निळ्या कोटात, तिसरा हिरव्यात. तिन्ही चित्रांखाली फक्त ‘नेपोलियनकालीन डच’ असं लिहिलेलं. यातला खरा कोणता? आणि कुठला अधिकारी कुठल्या पदाचा, हे कसं ओळखायचं?

तिन्ही खरे आहेत. पण पांढरा कोटवाला वॉटर्लूला नव्हता. बाकीचे दोघे होते, तेही एकाच ब्रिगेडमध्ये. हा घोळ चित्रकारांनी केलेला नाही, त्या देशाच्या नशिबातच तो होता. 1795 ते 1815 या वीस वर्षांत नेदरलँड्सचं राज्य इतक्या वेळा बदललं, की एका शिपायाच्या नोकरीत चार-पाच वेगवेगळ्या सरकारांचे कोट त्याच्या अंगावर चढले. म्हणून ‘डच गणवेश कसा होता’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘1809 मध्ये कसा होता’, ‘जून 1815 मध्ये कसा होता’ या प्रश्नांना आहे. मी अनेक वर्षं या काळातल्या मूर्ती रंगवतोय. समोर नवी मूर्ती आली की ब्रश ओला करण्याआधी पाटीवर साल लिहायचं, ही सवय मी कधी मोडली नाही.

सालांचा सांगाडा आधी पक्का करून घ्या. जानेवारी 1795 मध्ये फ्रेंच फौजांच्या पाठबळावर जुनी राजवट कोसळली, ऑरेंज घराण्याचा राज्यप्रमुख इंग्लंडला पळाला आणि बटाव्हियन प्रजासत्ताक उभं राहिलं. 1806 मध्ये नेपोलियनने ते गुंडाळून आपला भाऊ लुई याला ‘हॉलंडचा राजा’ केलं. 1 जुलै 1810 ला लुईने गादी सोडली आणि त्याच महिन्यात अख्खा देश फ्रेंच साम्राज्यात विलीन झाला. नोव्हेंबर 1813 च्या अखेरीस ऑरेंजचा राजपुत्र स्खेव्हनिंगनच्या किनाऱ्यावर परतला. मार्च 1815 मध्ये तो पहिला विल्यम या नावाने नेदरलँड्सचा राजा झाला, आणि या नव्या राज्यात आजचं बेल्जियमही जोडलेलं होतं. वॉटर्लूची लढाई त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी झाली. म्हणजे तुम्हाला जे सैन्य रंगवायचंय ते जेमतेम दीड वर्षाचं होतं, आणि त्यातला बेल्जियन भाग त्याहूनही कोवळा.

या सगळ्याचा जिवंत नमुना पाहायचा तर डेव्हिड हेन्ड्रिक शासेचं चरित्र पाहा. 1765 मध्ये टील गावी जन्म. तरुणपणी जुन्या राजवटीच्या फौजेत. 1787 मध्ये ऑरेंजविरोधी देशभक्तांचा पाडाव झाला तेव्हा तो फ्रान्सला गेला आणि 1795 मध्ये फ्रेंच सैन्याबरोबर परत आला. मग बटाव्हियन सैन्यात, मग लुई राजाच्या सैन्यात. 1808 पासून स्पेनमध्ये डच ब्रिगेडचा सेनापती. विलीनीकरणानंतर फ्रेंच जनरल. 1814 मध्ये फ्रान्सच्या भूमीवर तो नेपोलियनसाठी लढत होता. आणि 18 जून 1815 च्या संध्याकाळी हाच शासे नेदरलँड्सच्या तिसऱ्या डिव्हिजनच्या पुढे उभा राहून नेपोलियनच्या गार्डवर, म्हणजे त्याच्या खास निवडक फौजेवर, संगिनी चालवायला लावत होता. माणूस तोच, कोट पाच. तुमच्या टेबलावर ‘शासे’ म्हणून एक मूर्ती आली तर तिला कोणता रंग लावायचा, हे फक्त सालच सांगेल.

आता एकेक कोट. बटाव्हियन काळ मी झटपट उरकतो, कारण तुम्हाला तो लागणार नाही. पायदळाचे कोट गडद निळे, पायदळाची रचना फ्रेंच धर्तीच्या सात हाफ-ब्रिगेडची, आणि कॉलर, कफ, छातीवरची लॅपेल यांच्या रंगावरून कोणती हाफ-ब्रिगेड ते ओळखायचं. या वेगळ्या रंगाला आम्ही फेसिंग म्हणतो. एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवा: या काळात नारिंगी रंग हा राजद्रोहाचा रंग होता. नारिंगी फीत लावणं म्हणजे हद्दपार ऑरेंज घराण्याची बाजू घेणं, आणि त्यावर बंदी होती. 1799 मध्ये इंग्रज आणि रशियन फौजा उत्तर हॉलंडमध्ये उतरल्या, बेर्गन आणि कास्ट्रिकमला लढाया झाल्या, तेव्हा त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या डच शिपायाच्या अंगावर नारिंगी धागासुद्धा नव्हता.

लुई राजाचा काळ रंगकाम करणाऱ्याला सगळ्यात मोह घालणारा. त्याने लाइन पायदळाला, म्हणजे नेहमीच्या साध्या पायदळाला, पांढरे कोट दिले, प्रत्येक रेजिमेंटचं फेसिंग निराळं. त्याच्या गार्डच्या ग्रेनेडियर्सना, म्हणजे निवडक पायदळाला, पांढऱ्यावर किरमिजी. पांढऱ्यामागे नुसती हौस नव्हती. गडद निळ्या कापडाला नीळ लागायची, ती समुद्रापलीकडून यायची, आणि समुद्र इंग्रजांच्या ताब्यात होता. फ्रान्समध्येही 1806 साली काही रेजिमेंटना पांढरे कोट द्यायचा हुकूम निघाला होता, तो पुढच्याच वर्षी मागे पडला. हॉलंडमध्ये पांढरा टिकला. शासेच्या ब्रिगेडमधली दुसरी आणि चौथी रेजिमेंट, तिसरी हुसार (हलकं घोडदळ) आणि ट्रिपची घोडदळी तोफांची तुकडी स्पेनमध्ये लढली. जुलै 1809 मध्ये तालाव्हेराला ही माणसं वेलस्लीच्या समोर होती. हा तोच आर्थर वेलस्ली, ज्याने सहा वर्षांपूर्वी आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंद्यांच्या फौजेशी लढाई दिली होती. आणि 1815 मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून याच डचांना तो आपल्या हाताखाली घेऊन वॉटर्लूला उभा राहिला.

तर तुमच्या चित्रातला पांढरा शिपाई साधारण 1807 ते 1810 चा. कोट पांढरा आणि फेसिंग किरमिजी असेल तर तो बहुधा गार्डचा ग्रेनेडियर, आणि त्याचं आयुष्य थोडं लांब आहे. 1810 मध्ये या गार्डला नेपोलियनने आपल्या इम्पीरियल गार्डमध्ये घेतलं. आधी ग्रेनेडियर्सची दुसरी, नंतर तिसरी रेजिमेंट म्हणून. निळ्या कोटांच्या फ्रेंच ओल्ड गार्डच्या शेजारी हे पांढऱ्यात चालायचे. त्यांच्या अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोपीवर पुढे पितळी पत्रा नव्हता. फ्रेंच ग्रेनेडियरच्या टोपीवर तो होता. मूर्ती बनवणारे कारखाने फ्रेंच साच्यावर पांढरा रंग मारून ‘डच ग्रेनेडियर’ म्हणून विकतात, त्यामुळे हा पत्रा आधी घासून काढावा लागतो. 17 नोव्हेंबर 1812 ला रशियातल्या क्रास्नोईला ही रेजिमेंट जवळजवळ संपली आणि 1813 च्या सुरुवातीला ती मोडीत काढली. त्यापुढच्या कोणत्याही दृश्यात हे पांढरे कोट नकोत.

गार्डच्या डच हुसारांचं काय झालं, तेही सांगतो, कारण इथे फार लोक चकतात. ते 1810 मध्ये इम्पीरियल गार्डच्या लान्सर्सची दुसरी रेजिमेंट बनले. लाल कोट, निळं फेसिंग, हातात भाला, कर्नल एदुआर कोल्बेर. ‘रेड लान्सर्स’ या नावाने ते प्रसिद्ध आहेत. ही रेजिमेंट वॉटर्लूला होती, पण नेपोलियनच्या बाजूने. त्याच रेजिमेंटमधला एकेकाळचा अधिकारी फान मेर्लेन समोरच्या बाजूला नेदरलँड्सच्या हलक्या घोडदळाची ब्रिगेड चालवत होता, आणि तो त्या दिवशी मारला गेला. रेड लान्सर्सना डच म्हणून आपल्या नेदरलँड्सच्या फळीत उभं करू नका.

1810 ते 1813 मधला लाइनचा शिपाई दिसायला सरळ फ्रेंच. 123, 124, 125 आणि 126 क्रमांकाच्या लाइन रेजिमेंट, 33 वी लाइट, 11 वी हुसार, 14 वी क्युरासिये (चिलखती घोडदळ), या सगळ्या डच माणसांनी भरलेल्या फ्रेंच रेजिमेंट. निळा कोट, पांढरी लॅपेल, लाल कॉलर, तिरंगी कॉकेड, म्हणजे टोपीवरचं फितीचं फूल. नोव्हेंबर 1812 मध्ये बेरेझिना नदीवर जनरल एब्लेच्या हाताखाली बर्फाळ पाण्यात उभं राहून पूल बांधणाऱ्यांत कॅप्टन बेन्टीनचे डच पाँटनियर होते. त्यांच्यामुळे किती माणसं वाचली हे सगळे सांगतात. ते डच होते हे सांगणारे कमी. तेही फ्रेंच गणवेशात होते. त्यांना आज नारिंगी फीत लावून रंगवणं म्हणजे 1813 नंतरची गोष्ट 1812 वर लादणं.

आता तुमचा जून 1815.

पायाचा रंग पुन्हा गडद निळा. लाइन बटालियनचं फेसिंग पांढरं, म्हणजे कॉलर आणि कफ पांढरे. नॅशनल मिलिशिया म्हणजे चिठ्ठ्या टाकून भरती केलेली पोरं. त्यांचा कोटही निळा, पण कॉलर-कफ नारिंगी. तुमचं दुसरं चित्र त्यांचं. यागर म्हणजे हलकं पायदळ, त्यांचा कोट हिरवा आणि फेसिंग पिवळं. हे तिसरं चित्र. जनरल बायलांटच्या ब्रिगेडमध्ये 27 वी यागर, 7 वी लाइन आणि 5 वी, 7 वी, 8 वी मिलिशिया होती. म्हणजे एका ब्रिगेडमध्ये हिरवा-पिवळा, निळा-पांढरा आणि निळा-नारिंगी असे तिन्ही रंग एकत्र दिसतात. सुरुवात करणाऱ्याने हीच ब्रिगेड घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. टेबलावर दुरूनही ती वाचता येते.

कोटाच्या खाली मोहिमेवर राखाडी विजार. टोपीवर नारिंगी कॉकेड. आणि टोपी म्हणजे शॅको, उंच आणि ताठ. इथे एक बारीक गोष्ट आहे जी बहुतेक मूर्तींमध्ये चुकते. हॉलंडच्या बटालियनचा शॅको ऑस्ट्रियन वळणाचा, त्याला पुढे आणि मागे, दोन्हीकडे झडप. बेल्जियन बटालियनचा शॅको त्या वेळच्या ब्रिटिश शॅकोसारखा, पुढची बाजू डोक्यापेक्षा उंच उभी केलेली. दोघांवर मुकुटाखाली विल्यमचं ‘डब्ल्यू’ अक्षर. म्हणजे बायलांटच्या ब्रिगेडमध्ये 7 वी लाइन बेल्जियन असल्यामुळे तिची टोपी वेगळी, आणि तिच्या शेजारी उभ्या मिलिशियाची वेगळी. मागच्या झडपेशिवायची मूर्ती मिळाली तर ती मिलिशियासाठी वापरू नका, 7 व्या लाइनसाठी वापरा. नवीन मूर्ती विकत घेण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त आणि बरोबरही.

तोफखाना गडद निळ्यात, फेसिंग काळं, लाल गोटसह. घोडदळात चौथी लाइट ड्रॅगून निळी-लाल, पाचवी लाइट ड्रॅगून हिरवी-पिवळी, सहावी हुसार फिकट निळी. घोडदळ तुम्ही विचारलेलं नाही, तर एवढं पुरे. फक्त पाचव्या ड्रॅगूनवर जरा थांबतो, कारण गणवेशाचा हिशेब माणसाच्या जिवाशी कसा भिडतो ते तिथे दिसतं.

16 जूनला कात्र-ब्राच्या चौकात ही बेल्जियन पाचवी ड्रॅगून फ्रेंचांच्या सहाव्या शासर घोडदळाशी भिडली. दोन्हीकडे हिरवे कोट. ड्रॅगूनमधले कित्येक जण वर्षभरापूर्वीपर्यंत स्वतः फ्रेंच सैन्यात होते, समोरच्यांच्या ओळखीचे. झटापट करून ते आपल्या ओळींकडे परत येत असताना ब्रिटिश पायदळाने हिरवे कोट पाहिले आणि फ्रेंच समजून त्यांच्यावरच गोळ्या झाडल्या. दोन दिवसांनी वॉटर्लूच्या डाव्या टोकाला हेच पुन्हा घडलं. तिथे साक्स-वायमारच्या ब्रिगेडमधले नासाउचे शिपाई होते. ते जर्मन, पण नेदरलँड्सच्या राजाच्या सेवेत. 1813 च्या डिसेंबरपर्यंत ते स्पेन आणि दक्षिण फ्रान्समध्ये नेपोलियनसाठी लढले होते आणि मग ब्रिटिशांकडे आले होते. त्यांच्या दुसऱ्या रेजिमेंटचा हिरवा कोट आणि एकूण ठेवण अजून जुन्याच, फ्रेंचांच्या दोस्ताच्या वळणाची होती. संध्याकाळी मदतीला आलेल्या प्रशियनांनी त्यांना फ्रेंच समजून गोळीबार केला. कॉलरचा रंग, टोपीचा आकार, हे तपशील आपण आज भिंगाखाली बघतो. त्या धुरात माणसं त्यांवरून मित्र आणि शत्रू ठरवत होती. म्हणून मी या तपशिलांत तडजोड करत नाही.

दुसऱ्या नासाउच्या शिपायांना रंगवताना निळ्यात घालू नका, आणि त्यांचे चामड्याचे पट्टेही पांढरे करू नका. ते पिवळसर होते. त्याच ब्रिगेडमधली 28 वी ऑरेंज-नासाउ रेजिमेंट मात्र निळ्या कोटात.

पदचिन्हांचा भाग लोकांना किचकट वाटतो, पण डोळा कुठे न्यायचा ते कळलं की सोपा आहे. शिपाई आणि हवालदार दर्जाच्या माणसाची बाही बघा. अधिकाऱ्याचा खांदा बघा.

पद्धत मुळात फ्रेंच. लुई राजाचं सैन्य त्याच वळणावर गेलं, आणि 1810 ते 1813 मध्ये तर डच रेजिमेंट फ्रेंचच होत्या. त्यामुळे फ्रेंच पद्धत एकदा नीट शिकली की पुढचं उकलतं. अधिकाऱ्याच्या खांद्यावर एपोलेट असतो. त्याचे दोन भाग: खांद्यावर पडणारी जरीची पट्टी, आणि तिच्या टोकाला लोंबणारी झालर. झालर दोन प्रकारची. जाड पिळाच्या गोफांची म्हणजे वरिष्ठ अधिकारी, बारीक धाग्यांची म्हणजे कंपनीतला अधिकारी. मग बघायचं की झालर एका खांद्यावर आहे की दोन्हींवर. कर्नलच्या दोन्ही खांद्यांवर जाड झालर. मेजरच्याही दोन्हींवर, पण पट्टीची जर झालरीच्या उलट रंगाची: सोनेरी झालर असेल तर पट्टी चंदेरी. बटालियन कमांडरच्या डाव्या खांद्यावर जाड झालर आणि उजव्यावर बिनझालरीची नुसती पट्टी. कॅप्टनचं तसंच, डाव्यावर झालर, उजव्यावर पट्टी, पण झालर बारीक. लेफ्टनंटचा एपोलेट कॅप्टनसारखाच, फक्त पट्टीच्या मधून एक लाल रेशमी रेघ. सब-लेफ्टनंटला दोन लाल रेघा. म्हणजे इथे रेघ वाढली की पद खाली जातं. आपल्याकडे फीत वाढली की बढती असं डोक्यात बसलेलं असतं, त्यामुळे नवीन माणूस नेमका इथे उलटं रंगवतो.

डावं-उजवं हे मूर्तीचं, तुमचं नव्हे. एकच झालर उजव्या खांद्यावर दिसली तर दोन शक्यता: तो ॲडजुटंट-मेजर, म्हणजे बटालियनचा कारभार बघणारा अधिकारी आहे, कारण त्याचा एपोलेट उलट्या खांद्यावर असायचा, किंवा छापताना चित्र आरशात पाहिल्यासारखं फिरलंय. तलवार बघा. ती उजव्या कमरेला गेली असेल तर चित्रच उलटं आहे.

बाहीवर: फ्रेंच लाइन पायदळात कॉर्पोरलला कफच्या वर तिरक्या दोन लोकरी पट्ट्या, केशरी-पिवळ्या छटेच्या. सार्जंटला एकच, पण सोनेरी जरीची. सार्जंट-मेजरला तशा दोन. कंपनीचा हिशेब आणि शिधा बघणाऱ्या फुरियेला कॉर्पोरलच्या दोन पट्ट्या आणि शिवाय दंडावर एक तिरकी जरीची पट्टी. दंडावर, डाव्या हाताला, टोक वर असलेल्या व्हीच्या आकाराच्या फिती दिसल्या तर त्यांना पद समजू नका. त्या नोकरीच्या वर्षांच्या: दहा वर्षांना एक, पंधराला दोन, वीसला तीन. तीन फिती असलेला साधा शिपाई असू शकतो आणि एकही नसलेला सार्जंट-मेजर असू शकतो. ब्रिटिश सैन्यात मात्र दंडावरच्या व्ही आकाराच्या फितींवरूनच कॉर्पोरल-सार्जंट ओळखायचे. टेबलावर दोन्ही सैन्यं असतील तर हे वेगळं ठेवा.

1815 च्या नेदरलँड्सच्या सैन्यात अधिकाऱ्याच्या खांद्यावरचं तत्त्व तेच राहिलं, जाड झालर वरिष्ठाची आणि बारीक कनिष्ठाची. अधिकारी जवळजवळ सगळे त्याच शाळेतून आलेले होते. पण त्यात एक ठळक भर पडली: कमरेला नारिंगी शेला. एकेकाळी ज्या रंगावर बंदी होती तो आता प्रत्येक अधिकाऱ्याच्या कमरेला. 28 मिलिमीटरच्या मूर्तीत एपोलेटच्या लाल रेघा दिसतीलच असं नाही, पण हा शेला दोन हातांवरून दिसतो. त्यामुळे अधिकारी रंगवताना मी शेल्याला सर्वात जास्त वेळ देतो. आणि यावरून एक नियम सांगतो, तो कधी चुकणार नाही: लुई राजाचा पांढरा कोट आणि नारिंगी शेला एकाच अंगावर येऊ शकत नाहीत. असं चित्र दिसलं की बाजूला ठेवा.

पदकांचंही तसंच. छातीवर पांढरा क्रॉस आणि नारिंगी फितीवर दोन निळे पट्टे, तो विल्यमचा लष्करी सन्मान. त्याची स्थापना 30 एप्रिल 1815 ची, आणि कात्र-ब्रा, वॉटर्लूच्या पराक्रमाबद्दल तो मिळाला तो अर्थातच लढाईनंतर. 18 जूनच्या दृश्यात तो रंगवू नका.

मग भरवसा कोणत्या चित्रावर ठेवायचा? माझा क्रम असा. पहिला मान शिल्लक राहिलेल्या खऱ्या कपड्यांना. सूस्टरबर्गच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात डच लष्कराचा मोठा साठा आहे. दुसरा मान प्रत्यक्ष पाहून काढलेल्या चित्रांना. रॉटरडॅमचा डर्क लांगेनडाइक आणि त्याचा मुलगा यान अँथोनी यांनी आपल्या शहरातून जाणारे शिपाई काढले; डर्क 1805 मध्ये वारला, त्यामुळे बटाव्हियन काळासाठी बाप आणि त्यापुढे मुलगा. त्यांच्या चित्रांतली माणसं उभी कशी राहतात, पाठपिशवी कशी ओघळते, ते नियमावलीत सापडत नाही. तिसरा क्रम 1820 च्या दशकात छापलेल्या नियमबरहुकूम गणवेशचित्रांचा. ती फार सुंदर आहेत, सगळीकडे फिरतात, आणि तुमच्या गोंधळाचं निम्मं कारण तीच आहेत. ती शांततेच्या काळातली, नीटनेटक्या झालेल्या सैन्याची चित्रं आहेत. 1815 च्या घाईतल्या सैन्याला ती जशीच्या तशी लावता येत नाहीत. आणि ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं पीनेमानचं 1824 चं प्रचंड वॉटर्लू? चेहऱ्यांसाठी ते मोलाचं, कारण त्याने लढाईत असलेल्या कित्येकांना समोर बसवून रेखाटलं होतं. डावीकडे स्ट्रेचरवर जखमी राजपुत्र, म्हणजे विल्यम राजाचा मुलगा, मध्ये वेलिंग्टन. पण ती मांडलेली रचना आहे. नऊ वर्षांनंतरची, गौरवासाठी केलेली.

आता प्रत्यक्ष रंग. गडद निळा हा निळीचा निळा, जवळजवळ काळसर. पण 28 मिलिमीटरवर तो तसाच लावला तर मूर्ती काळा ठिपका दिसते. म्हणून एक छटा उजळ घ्या आणि कडांना उजळताना राखाडी मिसळा. पांढरा मिसळलात तर कोट आकाशी होतो आणि शिपाई दुसऱ्याच देशाचा दिसतो. साध्या शिपायाचा लाल हा मंजिष्ठेच्या जातीच्या मुळाचा लाल. झीलंडमध्ये या मुळाची मोठी शेती होती. तो विटकरीकडे झुकतो. अधिकाऱ्याच्या कापडाला महागडा किरमिजी किडा परवडायचा, त्याचा लाल तेजस्वी. एकाच बटालियनमध्ये दोन लाल वापरले की अधिकारी आपोआप उठून दिसतो.

नारिंगी थेट निळ्यावर चढत नाही, मळकट होतो. कॉलर आणि कफवर आधी पांढरा, मग पिवळा, मग पातळ नारिंगीचे दोन हात. पांढऱ्या पट्ट्यांना फिकट राखाडीचा पाया द्या, पांढरा फक्त उंचवट्यांवर. त्या पट्ट्यांना शिपाई पांढरी माती फासायचे, ती पावसात उतरायची. आणि 17 जूनच्या रात्री पाऊस मुसळधार होता. वॉटर्लूच्या सकाळचा शिपाई रंगवताय, तर शॅकोवर काळं मेणकापड चालेल, तुरा काढलेला चालेल, विजारीला गुडघ्यापर्यंत चिखल हवाच. हे केलंत तर टोपीवरच्या त्या इवल्याशा ‘डब्ल्यू’च्या भानगडीतूनही सुटका होते. एक सूचना आपल्या हवेसाठी: पावसाळ्यात मॅट वार्निश फवारू नका. दमटपणाने ते धुरकट होतं आणि एवढ्या मेहनतीचा निळा राखाडी पडतो. ब्रशने लावा, किंवा ऑक्टोबरची वाट बघा.

सुरुवात कोणापासून करायची, असंही तुम्ही विचारलंय. 5 वी मिलिशिया घ्या. कात्र-ब्राला गेमियाँकूरच्या वाडीपाशी या नवख्या पोरांनी फ्रेंच पायदळ आणि घोडदळ दोन्हींचे हल्ले झेलले आणि फार माणसं गमावली. वॉटर्लूच्या डच-बेल्जियन शिपायांबद्दल इंग्रजी लेखनात बरीच वर्षं तुच्छतेने लिहिलं गेलं. या बटालियनची हकिगत वाचली की ते किती एकांगी होतं ते कळतं. निळा कोट, नारिंगी कॉलर-कफ, राखाडी विजार, दोन झडपांचा शॅको. अधिकाऱ्याला नारिंगी शेला, आणि कॅप्टन करणार असाल तर बारीक झालर डाव्या खांद्यावर. सगळ्यांचे कोट एकसारखे नवे करू नका. दोन-तीन जणांचा निळा थोडा विटलेला ठेवा.